एका रेघेने खोडावे

४ जून २०१७, सुलतानपूर

निवृत्त होऊन चार दिवस झाले. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन लोकांनी मला घरी पाठवलं. जिला आता कुठेच वेळेवर जायचं नाही, तिला घड्याळ. असो.

एकतीस वर्षं कृषी सहायक होते. त्यातली अकरा याच गावात गेली. आज पेटी उघडून जुन्या वह्या मोजल्या, सदतीस भरल्या. रोज कुठल्या वावरात गेले, कोणती कीड दिसली, किती दिसली, सगळं त्यांत आहे. एकही पान फाडलेलं नाही. आमचा नियमच होता, आकडा चुकला तर एका आडव्या रेघेने खोडायचा. खालचा आकडा दिसला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि आपलं आद्याक्षर करायचं. गिचमिड करून झाकणाऱ्याची नियत खोटी, असं आमचे पहिले साहेब म्हणायचे. मंजूला लहानपणी गणितं घालताना मी हाच नियम शिकवला होता.

एक पान मात्र वाचवत नाही. २००६ चा जून. पारावर उभी राहून मी गावाला सांगितलं, "बीटीले बोंडअळी लागत नाही." कागदावर तसं छापून आलं होतं, मी तसंच म्हटलं. या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटात साध्या कपाशीची एक लहान पुडी असायची. ती कडेने लावायची, म्हणजे अळी लवकर निर्ढावत नाही. ती पुडी कोणी लावली नाही, आणि मीही कोणाच्या मागे लागले नाही. आता दोन वर्षांपासून आसपासच्या गावांत बोंडात गुलाबी अळी सापडते आहे. तेव्हा दिलेला शब्द मला दुरुस्त करायचा आहे.

मंजू फोनवर म्हणाली, "मावशी, ब्लॉग काढ. वही पेटीत ठिऊन कोण वाचते?" पोरगी बोलली ते खरं आहे.

११ जून

मेहकरला मंजूच्या क्लासात गेले. मंजुश्री माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही नववीत होती, तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. आता संगणकाचा क्लास चालवते. क्लासात आठ खुर्च्या आहेत, त्यातल्या तीन मोडक्या.

ब्लॉग लिहायच्या जागा बऱ्याच असतात म्हणे. मंजूने तीन दाखवल्या. त्यांची इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. एक शोभेचं. त्यात फुलं, चौकटी, चित्रं, सगळा रुखवत मांडून ठेवलेला. ते नको म्हटलं. दुसरं सोपं. लिहायचं, बटण दाबायचं, झालं. तिसरं पक्कं. त्यात खटाटोप जास्त, उजवीकडे डावीकडे नुसती बटणं. पण त्यात एक गोष्ट मला आवडली. लिहिलेलं बदललं की आधीचं पुसून जात नाही. कोणी, कधी, काय बदललं, त्याची नोंद आत राहते.

मी म्हटलं, मला हेच पाहिजे. मंजू हसली.

"ते प्रोफेशनल लोकायसाठी हाये, मावशी. तू नवशिकी. सोपं घे."

"पण सोप्यात आकडा बदलला तर जुना दिसते का?"

"जुना आकडा कोणाले पायजे? लोकायले आजचा पायजे."

तासभर मी पक्क्यावर हात चालवून पाहिला. दोनदा लिहिलेलं कुठे गेलं ते सापडेना. शेवटी मीच थकले आणि सोपं घेऊ म्हटलं. खातं मंजूने तिच्याच ईमेलवर उघडलं, कारण मी पासवर्ड विसरते हे तिला माहीत आहे. मी लेखिका आणि ती ॲडमिन. ॲडमिन म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "शिपायाचं काम. दार उघडायचं, झाडू मारायचा." म्हणजे मी साहेब झाले.

नाव ठेवलं सापळ्याची वही. माझा फोटोही टाकला. पाहून वाटलं, बरी दिसते अजून.

२६ जून

ईद. समोरच्या अमीनाने शीरखुर्मा आणून दिला. तिचा नवरा नजीर शिलाईकाम करतो, चार एकर कपाशीही करतो. तो चौथीपर्यंत उर्दू शाळेत होता, त्याला मराठी वाचायला जड जातं. अमीना मराठीत आठवी आहे. माझं बियाण्याच्या पुडीवरचं लिखाण तिने त्याला वाचून दाखवलं.

नजीर म्हणाला, "ताई, ते पुडी तं म्या कोंबड्यायले टाकली होती."

म्हटलं, यंदा लाव. त्याने लावली, मी जाऊन पाहिली. ब्लॉगचे वाचक एकूण चौदा. त्यात एक मी.

२३ जुलै

माझ्या दोन एकरात कामगंध सापळा लावला. मादीच्या वासाची गोळी आत टांगायची, त्या वासाला नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. सकाळी पिशवी उघडून मोजायचे. आज शून्य.

मंजूचा फोन आला. सगळं नीट विचारून घेतलं. किती पतंग आले की लोक फवारतात? म्हटलं, सलग तीन दिवस आठाच्या वर गेले तर. त्याखाली फवारणी म्हणजे विषाची नासाडी. तिने ते लिहून घेतलं. मला बरं वाटलं. लहानपणी शेतीचं नाव काढलं की ही नाक मुरडायची.

१३ ऑगस्ट

वाचक चारशेच्या वर गेले. डोणगावपर्यंतचे लोक वाचतात. एसटीत एका माणसाने ओळखलं, "तुमीच का सापळ्यावाल्या बाई?" खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

पण ब्लॉगच्या कडेला फवारणीच्या औषधाची जाहिरात लागली आहे. मी चिडून मंजूला फोन केला. ती म्हणाली, जाहिराती आपोआप येतात, आपल्या हातात नसतं. आपोआप येणाऱ्या जाहिरातीत डोणगावच्या किसनरावांचंच दुकान कसं आलं, हे मला कळलं नाही. यंत्राला जवळचं दुकान कळत असेल. आजकाल यंत्राला सगळंच कळतं.

२७ ऑगस्ट

मेहकरला गेले होते. मंजूच्या क्लासात बारा नव्या खुर्च्या, चार नवे संगणक. दारावर पाटी, त्याच किसनरावांच्या सौजन्याने. मंजू म्हणाली, "त्यायले पोरीच्या शिक्षणाची आवड हाये." अशी माणसं अजून आहेत म्हणायची. मी त्यांच्या नावाने मनातल्या मनात हात जोडले.

५ सप्टेंबर

सापळ्यात ४. कालपेक्षा दोन जास्त. तसं लिहिलं आणि खाली हेही लिहिलं की घाबरू नका, फवारू नका, डोमकळ्या शोधून तोडा. डोमकळी म्हणजे पाकळ्या चिकटून बसलेलं, न उमललेलं फूल. अळी आतच असते.

६ सप्टेंबर

आज ४ च. सहज कालचं पान उघडलं तर तिथे १४ दिसले. एरवी मी लिहिलेलं परत वाचत नाही. रजिस्टरात गेलं ते गेलं, ही जुनी सवय. माझाच अंगठा जाड, पुढे एकाचा आकडा जास्तीचा पडला असेल. खालची 'फवारू नका' ही ओळही दिसेना, तीही माझ्याच हातून उडाली असणार. मंजूला फोन केला. ती म्हणाली, "जय भीम मावशी, करतो दुरुस्त, तू टेन्शन घेऊ नको." गुणाची आहे.

८ सप्टेंबर

सापळ्यात काल ३, आजही ३. नजीर रस्त्यात भेटला, घाईत होता.

"ताई, आकडा वर गेला ना?"

दोनाचे चार झाले होते, त्याबद्दल म्हणत असेल. म्हटलं, "हाव, जरा चढला होता. ध्यान ठिवा."

त्याने मान हलवली आणि सायकलवर निघून गेला.

उद्यापासून पेन्शनच्या कागदांसाठी बुलडाण्याला. चार दिवस सापळा बंद.

१३ सप्टेंबर

काल रात्री परतले. कागद झाले. सकाळी सापळ्याकडे गेले तर नजीरच्या वावरातून औषधाचा वास इकडपर्यंत येत होता. हा काऊन फवारतो आहे? कपाशी त्याच्या डोक्याच्या वर गेली आहे. वर नेम धरून मारत होता, सगळं अंगावर गळत होतं. तोंडाला नुसता रुमाल. हाक मारली, पण पंपाच्या आवाजात ऐकू गेली नाही. उद्या बोलेन म्हणून मी घरी आले.

मी उद्यावर टाकलं. हे इथे लिहून ठेवते.

१५ सप्टेंबर

नजीर बुलडाण्याला दवाखान्यात आहे. त्या दुपारीच त्याला उलट्या सुरू झाल्या, मग तोंडाला फेस आला, मग दिसेनासं झालं. पाच दिवसांत त्याची ती दुसरी फवारणी. दोन औषधं एकत्र करून मारली, दुकानात तसंच सांगितलं होतं. जीव वाचला असं डॉक्टर म्हणतात. डोळ्यांचं मात्र सांगत नाहीत.

अमीना व्हरांड्यात बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, एवढं काऊन फवारलं गं, सापळ्यात तर चारच पतंग होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही.

"तुमीच लिवलं ना ताई. चौदा, चौदा, तेरा. तीन दिवस. म्या सोताच वाचून दाखवलं त्यायले."

फोन काढून तिने माझ्यासमोर धरला. त्यावर माझा फोटो होता, माझं नाव होतं.

१६ सप्टेंबर

सकाळपासून वही एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात.

वहीत २, ब्लॉगवर १२. वहीत ४, ब्लॉगवर १४. दुसरा ४, तिथेही १४. वहीत ३, ब्लॉगवर १३. प्रत्येक आकड्याच्या आधी एकाचा आकडा चिकटवला आहे, बस. डोमकळ्या तोडा हे राहू दिलं आहे, फवारू नका हे काढलं आहे. तरी माझं मन म्हणत होतं, माझाच अंगठा असेल. म्हातारी झालीस, पंचफुला.

मग दहा आणि अकरा तारीख पाहिली. दोन्ही दिवशी मी बुलडाण्याला होते. वहीत त्या पानांवर काही नाही. सापळ्यापाशी कोणी गेलं नाही. ब्लॉगवर १५ आणि १६.

माझा अंगठा बुलडाण्याहून सुलतानपूरचे पतंग मोजत नाही. पाणी प्यायले आणि ओट्यावर बसून राहिले.

१७ सप्टेंबर

मंजूकडे गेले. रविवार, क्लास रिकामा. नव्या खुर्चीवर बसले नाही, उभीच राहिले.

"मंजू, दहा तारखेले सापळ्यापाशी कोण गेलं होतं?"

तिने समोरचा संगणक बंद केला. मग म्हणाली, "कोणी नाही."

"मंग पंधरा कोणं मोजले?"

"किसनराव म्हणले, आकडा आठाच्या वर ठेव. मले वाटलं, फवारा एखादा जास्त होईन, त्यानं काय होते? लोक तं तसेही फवारतेतच."

"नजीर दवाखान्यात हाये."

"मालूम हाये मले." ती रडायला लागली. "क्लास बंद पडून राह्यला होता मावशी. तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती, नोकरी पाय."

म्हणालेच असते. पण मला एकच विचारायचं होतं. "खोटंच लिवायचं होतं तं तुह्या नावानं लिवतीस. माह्या नावानं काऊन?"

तिने डोळे पुसले आणि अगदी साधेपणाने उत्तर दिलं. "माह्या नावावर कोण इस्वास ठेवते, मावशी?"

मी येऊन एसटीत बसले. या पोरीच्या वेण्या मी घातल्या आहेत. खाडाखोड कशी करायची हे मीच हिला शिकवलं. म्हणून तर तिने मला सोपं दिलं, जिथे खोडल्याची खूण राहत नाही. मी विचारलं होतं, अगदी पहिल्याच दिवशी. उत्तर ऐकूनही मी सोपंच घेतलं. या आतड्याच्या नात्याने मला पार उघड्यावर आणलं. राग राग होतो आहे, आणि त्यातच तिने आज काही खाल्लं का असाही विचार येतो. त्याचाही राग येतो.

२२ सप्टेंबर

ब्लॉगवर खरे आकडे टाकायला बसले तर मला लिहिताच येईना. मंजूला फोन केला, तिने उचलला नाही. म्हणजे शिपायाने दार आतून लावून घेतलं आणि साहेब रस्त्यावर. दुपारी पाहिलं तर आजची नोंद आलेली. १७ पतंग. खाली माझं नाव. सापळ्यात ५ आहेत.

३० सप्टेंबर

दसरा. दरवर्षी या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. यंदा गेले नाही. पक्कं उघडून बसले. मंजूने जूनमध्ये पक्क्यासाठी लिहून दिलेला कागद समोर ठेवला. तिच्याच अक्षरात सगळ्या पायऱ्या आहेत. ईमेल माझा, पासवर्ड माझा. तो या वहीच्या मागच्या पानावर लिहिला आहे, विसरणार नाही. पाच तास लागले. तीनदा सगळं गेलं, तीनदा परत लिहिलं. ज्या बटणांना जूनमध्ये घाबरले होते ती पंधरा-वीसच निघाली.

पहिल्या पानावर सगळ्या तारखा टाकल्या. खोटा आकडा लिहायचा, त्यावर आडवी रेघ मारायची, बाजूला खरा, आणि पुढे पं. रेघ मारायचं बटण या पक्क्यात आहे, हेही आज कळलं. दहा आणि अकरा तारखेपुढे लिहिलं, मी गावात नव्हते, कोणी मोजलं नाही.

सगळ्यात खाली २००६ चं माझं वाक्य टाकलं, बीटीला बोंडअळी लागत नाही. त्यावर रेघ मारली. पुढे पं. केलं. मग तेरा सप्टेंबर टाकलं. नजीर फवारताना दिसला, मी थांबवलं नाही. त्यावर रेघ मारण्यासारखं काही नाही, ते खरंच आहे.

९ ऑक्टोबर

आता खरी अळी आली आहे. परवा ११, काल १६, आज १८. माझ्या वावरातली वीस बोंडं फोडली, नऊ किडलेली. वरून हिरवी टणक, आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी आरामात बसलेली.

नव्या ब्लॉगचे वाचक सहा. जुन्यावर अजून चारशे जातात. आज मीच घरोघर फिरले, सांगितलं की आता खरंच आठाच्या वर आहे, डोमकळ्या तोडा, किडकी बोंडं वेचून जाळा. गावातले एक शेतकरी, अर्जुनराव, बैठकीत बसून म्हणाले, "बाई, मागं चौदा म्हणल्या, मंग म्हणल्या चार. आता अठरा म्हणून राह्यल्या. आमी कोणत्या बाईचं आयकावं?" बाकीचे हसले. मला हसणाऱ्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हसले असते.

मी खरं बोलत होते तेव्हा लोकांनी खोटं वाचलं. आता खरंच वाचायला हवं, तर वाचायला कोणी नाही.

१५ ऑक्टोबर

नजीरला घरी आणून आठ दिवस झाले. आज जायचा धीर केला. दारात मशीनसमोर बसला होता, पण मशीन बंद. हातात सुई होती. त्याला दोरा ओवता येत नाही, समोरचं सगळं धुरकट दिसतं. हळूहळू सुधारेल म्हणतात. अमीनाने त्याच्या हातून सुई घेतली, ओवली आणि परत दिली. मला बसा म्हणाली. चहा ठेवला.

नजीरने आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "ताई, आज किती?"

"एकोणीस."

"कोणं मोजले?"

"म्याच."

तो सुई बोटांत फिरवत राहिला. "बुरा नोका मानू ताई. तुमचं ते रेघा मारलेलं अमीनानं वाचलं. पुरं वाचलं. मालूम झालं मले, तुमी नाही केलं. पण तुमचा आकडा आता मी नाही घेत. सापळा दाखवा, अमीना मोजीन."

एकतीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, चल अमीना.

सकाळी मोजलेले पतंग मी अजून टाकून दिले नव्हते. वावरात जाऊन मी सापळ्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि मागे सरकून उभी राहिले. तिने ओढणीचा पदर जमिनीवर पसरला, त्यावर पिशवी उलटी केली आणि एकेक पतंग बोटाने बाजूला सारत मोजला. मग पिशवी आतून बाहेर उलटवली. शिवणीच्या घडीत आणखी दोन अडकले होते. शिंप्याची बायको, ती शिवण पाहणारच. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"एकवीस, ताई."

मी तिथेच बांधावर बसून वही काढली. एकोणिसावर एका रेघेने आडवं खोडलं. बाजूला एकवीस लिहिलं. आद्याक्षर करायला पेन टेकवला आणि थांबले. पेन अमीनाला दिला. तिने ओढणीला हात पुसले आणि नीट अ काढला.

तिने लगेच नजीरला फोन लावला. "एकवीस हाये जी. म्या मोजले." तिकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती मला म्हणाली, "उद्या सकाळी डोमकळ्या तोडतो आमी. बाकीच्यायलेही सांगतो." मी हो म्हटलं.

घरी येऊन पाय धुतले तेवढ्यात माझा फोन वाजला. मंजू. गेल्या तीन दिवसांत हा आठवा. नाव किती वेळ तसंच चमकत होतं. वहीत असतं तर एका रेघेने खोडलं असतं. खालचं नाव दिसत राहिलं असतं, बाजूला काहीतरी लिहिता आलं असतं. फोनमध्ये तशी सोय नाही. ठेवायचं, नाहीतर काढून टाकायचं.

वाजून वाजून फोन बंद झाला. नाव आहे तिथेच आहे.